नाव भागीदारीचे, व्यवहार रोख्याचा

रमजानच्या दिवसांत घरोघरी जकातीचा हिशोब मांडला जातो. घरातले सोने, बँकेतली शिल्लक, दुकानातला माल, शेअर अशा नोंदी एकेक करून कागदावर येतात. निसाबइतकी किंवा त्याहून अधिक संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिच्यातला अडीच टक्के हिस्सा गरजूंचा. बहुतेक नोंदी सरळ असतात. हात अडखळतो तो एका ओळीवर : ‘ओळखीच्या माणसाच्या धंद्यात दिलेले पैसे’. हे उसने म्हणायचे, भागीदारी म्हणायची की गुंतवणूक? याचे उत्तर वेळीच शोधले, तर जकातीचा हिशोब तर नीट होतोच, पण मूळ रक्कमही वाचू शकते.

कायद्यापुढेही हाच प्रश्न असतो. रोखा कशाला म्हणायचे? 1956 च्या रोखे करार नियमन कायद्यात शेअर, कर्जरोखे, सरकारी रोखे अशी यादी आहे. पण यादी झाली की फसवणारा यादीबाहेरचे नाव शोधतो. नव्वदच्या दशकात सागाची झाडे दाखवून पैसे गोळा झाले. मग 1999 मध्ये सेबी कायद्यात 11एए हे कलम आले. ते नाव विचारत नाही, चार गोष्टी विचारते. अनेकांचे पैसे एकत्र केले आहेत का? ते नफ्याच्या आशेने दिले आहेत का? कारभार दुसरा कोणी पाहतो का? आणि रोजच्या व्यवहारात पैसे देणाऱ्याचा काही अधिकार नाही, असे आहे का? चारही उत्तरे ‘होय’ आली, तर ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरते. तिला सेबीची नोंदणी लागते आणि तिचे युनिट हा रोखाच असतो. भिशी, पतसंस्था, कंपनीच्या ठेवी यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1946 मध्येच ही दृष्टी घेतली होती. फ्लोरिडातली एक कंपनी संत्र्याच्या बागेचे तुकडे विकायची आणि मशागतीचा करारही सोबत करायची. कागद जमीनविक्रीचा होता, पण दूर राहणाऱ्या खरेदीदाराला शेती करायची नव्हती, नफा हवा होता. न्यायालयाने त्याला गुंतवणुकीचा करार ठरवले. आपल्याकडे पीएसीएलनेही जमिनीच्याच नावाने सुमारे 49,100 कोटी रुपये गोळा केले. 2014 मध्ये सेबीने ती सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचे सांगून पैसे परत करण्याचा आदेश दिला. तिथे अडकलेल्या कोट्यवधी लोकांत सर्व धर्मांचे होते.

मुस्लिम समाजात हाच खेळ ‘हलाल’ या शब्दाने झाला. 2019 ची ईद होऊन आठवडाही लोटला नव्हता, तोच बेंगळुरूच्या आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरीच्या दारात हजारो माणसे पैशांसाठी उभी होती. त्यांना ठेवीदार नव्हे, भागीदार म्हटले गेले होते. व्याज नको म्हणून बँकेपासून दूर राहिलेल्यांची ती पुंजी होती. कोणाचा त्यात मुलीच्या लग्नाचा पैसा होता, तर कोणाचा निवृत्तीचा.

खरे तर शरीअतची कसोटीही नावावर थांबत नाही. मुदारबतमध्ये एकाचे भांडवल, दुसऱ्याचे कष्ट. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा आणि कष्ट करणाऱ्याची हयगय नसेल, तर पैशाचा तोटा भांडवल देणाऱ्याने सोसायचा. म्हणून ‘दरमहा इतके नक्की मिळतील’ असे कोणी सांगितले, की तो व्यवहार भागीदारीचा उरत नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. ज्या धर्माने विश्वासालाही कागदाची जोड सांगितली, त्या धर्माच्या नावावर ‘कागद कशाला, आपलाच माणूस आहे’ असे म्हणणे शोभत नाही.

इफ्तारच्या दस्तरखानावर किंवा मशिदीच्या अंगणात असा प्रस्ताव आला, तर नोंदणी क्रमांक मागावा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पाहावा. हिशोब कोण तपासतो आणि तोटा झाला तर काय, हेही विचारावे. ज्यांच्या शब्दाला समाजात वजन आहे, त्या उलेमा आणि विश्वस्तांनी तर हे विचारल्याशिवाय कोणत्याही योजनेसाठी शब्द टाकू नये. असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणूस अशा प्रश्नाने दुखावत नाही. जो दुखावतो, त्याच्या हाती वर्षभराची कमाई देऊ नये.