उन्हाळी मेजवानीतली दोन भांडी

नोव्हेंबर लागला की आपल्या बेटावर उकाडा सुरू होतो. शाळांना सुट्टी पडते, लिचीची झाडे लाल होतात आणि घरोघरी वर्षअखेरीच्या जेवणांचे बेत ठरू लागतात. कोणी अंगणात मांडव घालतो, कोणी व्हॅन भाड्याने घेऊन सगळ्या नातेवाइकांसह फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर जातो. अशा वेळी मोठ्या पातेल्यात वाइन, अननसाच्या फोडी, संत्री, बर्फ आणि पुदिना घालून केलेले पेय आता आपल्या मराठी कुटुंबांतही दिसू लागले आहे. कोणी त्याला पोंश म्हणतो, कोणी सांग्रिया. या पेयाविषयी दोन शब्द लिहावेत असे वाटले.

प्रथमच सांगतो की मी वाइनच्या विरोधात प्रवचन करायला बसलेलो नाही. ज्यांच्या घरात मद्य चालत नाही त्यांचा नियम त्यांनी पाळावा, आणि देवळाच्या आवारात किंवा गणपतीच्या दिवसांत तर हा प्रश्नच येत नाही. पण जिथे हे पेय केले जाते तिथे ते नीट केले जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

सांग्रिया हे मूळचे स्पेन आणि पोर्तुगालचे पेय. 1964 साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या दालनात ते लोकांना मिळाले आणि अमेरिकेत त्याचे नाव झाले. युरोपीय संघाच्या 2014 च्या नियमानुसार विकावयाच्या बाटलीवर नुसते ‘सांग्रिया’ एवढेच नाव लावण्याचा हक्क या दोनच देशांना आहे. आपण घरी करतो त्याला काही नाव दिले तरी कोणी पकडायला येणार नाही. परंतु त्यामागची कल्पना समजून घ्यावी. वाइन पातळ करून, आंबट फळांनी आणि थंडाव्याने उन्हात पिण्याजोगी करणे, एवढीच ती कल्पना आहे. आपण मात्र उलटे करतो. वाइन ‘मिळमिळीत’ लागते म्हणून कोणी काका हळूच रमची बाटली त्यात उपडी करतात.

फळ्यावर मांडतो तसा हिशेब इथे मांडतो. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 12 टक्के मद्यार्क असेल, तर शुद्ध मद्यार्क झाला 90 मिलिलिटर. त्यात तेवढेच पाणी, रस व सोडा घातला की दीड लिटर पेय होते आणि प्रमाण 6 टक्क्यांवर येते. 200 मिलिलिटरच्या पेल्यात 12 मिलिलिटर मद्यार्क. आता त्यात एक कप, म्हणजे 250 मिलिलिटर, 40 टक्क्यांची रम घाला. मद्यार्क 190 मिलिलिटर झाला, आणि त्याच पेल्यात आता सुमारे 22 मिलिलिटर आहे. अननस आणि साखर यांच्यामुळे जिभेला फरक फारसा कळत नाही. पाहुणा दोन पेले घेतो, त्याला वाटते आपण दोनच घेतले. घेतलेले असतात जवळजवळ चार. मग तोच पाहुणा बायकामुलांना गाडीत बसवून क्युरपिपच्या वाटेला लागतो.

दुसरी गोष्ट मुलांची. पातेले उघडे, वर रंगीत फळे तरंगतात, आणि शेजारी मुलांचे सरबतही तशाच भांड्यात. सात वर्षांच्या पोराने चमच्याने फोडी काढून खाल्ल्या तर त्याला कोण दोष देणार? फळ चार तास वाइनमध्ये भिजले की वाइन त्याच्यात मुरते. लहान मुलाचे वजन कमी, शिवाय मद्यार्काने लहान मुलांच्या रक्तातील साखर एकदम उतरू शकते आणि ते गळून जाते, फिट येते. ‘थोडे चाखले तर काय होते’ असे म्हणणाऱ्या आजी आजही भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट केले की आरोग्याला अपाय होणार नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. तेही मोठ्या माणसांविषयी.

तेव्हा माझे म्हणणे असे की भांडी दोन असावीत. वाइनचे भांडे झाकणाचे, नळाचे, उंच टेबलावर आणि कोणा एका मोठ्या माणसाच्या ताब्यात. त्यात पांढरी वाइन घ्यावी, आधीच थंड केलेली. आपला व्हिक्टोरिया अननस लहान असला तरी वासाला राजा आहे. तो, लिंबाच्या चकत्या आणि बिया काढलेली लिची घालून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवावे. केळे घालू नये, काळे पडते. पिकलेला आंबा विरघळून पेय गढूळ करतो. सित्रोनेल, म्हणजे आपला गवती चहा, गरम पाण्यात दहा मिनिटे झाकून ठेवावा व ते पाणी गार करून मिसळावे. पुदिना तळहातावर एक थाप मारून टाकावा. वाटला तर कडवट होतो. सोडा अगदी शेवटी. रम नको.

दुसऱ्या भांड्याविषयी मला जास्त बोलायचे आहे. आपल्या समारंभांत न पिणाऱ्या माणसाला, आणि त्यात बहुतेक मावश्या, आत्या व वयस्कर मंडळी येतात, बाटलीतले रंगीत लिमोनाद हातात देऊन वाटेला लावतात. वाइनसाठी सकाळपासून फळे चिरायची आणि यांच्यासाठी एक बाटली उघडायची, हा कुठला पाहुणचार? आपले पूर्वज ज्या कोकणातून आले तिथे उन्हाळ्यात कैरीचे पन्हे आणि कोकमाचे सरबत करतात. त्यात आंबट, गोड, मीठ आणि मसाला यांचा तोल असतो. तो तोल इथेही साधता येतो. चिंच भिजवून गाळावी, बेटावरची तांबूस साखर, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आले, सित्रोनेलचे पाणी आणि भरपूर पुदिना. लाल वाइनला जो तुरटपणा असतो तो चहातही असतो, म्हणून बोआ शेरीचा कोरा चहा गार करून पेलाभर मिसळला की पेयाला अंग येते. चहा चालत नसेल त्यांनी तो वगळावा, मुलांसाठीही वगळावा. वर अननस व लिंबू. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट पदार्थ तासन्‌तास ठेवू नये. काच किंवा स्टील बरे.

हे पेय चांगले झाले की गंमत अशी होते की वाइनवाले पाहुणेही मध्ये मध्ये तिकडे वळतात. उन्हात खरी तहान त्यानेच भागते, मद्याने लघवीवाटे पाणी जास्तच जाते.

किनाऱ्यावर जाताना ग्लासियेरही दोन न्यावेत. एकातला बर्फ दुसऱ्यात नको. आणि वाइनमधली उरलेली फळे दुसऱ्या दिवशी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धत सोडावी. सुट्टीच्या दिवसांत सकाळी फ्रिज आधी कोण उघडते, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे.