आजीच्या हातात हातोडा कोणाला हवा आहे?

आमच्या वस्तीतली एक मुलगी शहरातल्या एका कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. विषय फोटोग्राफी. वर्षअखेरच्या कामासाठी तिने आपल्या आजीचे बारा फोटो काढले. आजीने उभी हयात खडी फोडली. मुलीने समाजमंदिरात निळा पडदा बांधला, लाकडी खुर्ची मागून आणली आणि आजीच्या मांडीवर तिचाच जुना हातोडा ठेवला. आजीने तो बाजूला सारला. "आता फोटूत बी ह्योच? माझा चष्मा आन् पेपर दे." मग बाराही फोटोंत आजी पेपर वाचत बसली.

परीक्षणाला आलेल्या मास्तरांनी विचारलं, आजींना वाचता येतं का? नाही येत. मग हे खोटं आहे, असा निकाल लागला. वर सल्ला मिळाला की हातोडा ठेवला असता तर फोटो बोलला असता. आणि तुम्ही लोक वस्तीतलं खरं जगणं टिपा, तुमची ताकद तिथे आहे.

हे "तुम्ही लोक" कोण, ते आम्हाला कळतं.

मुलगी आता कोर्स सोडायचं म्हणते आहे, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी खऱ्या-खोट्याचं बघू. स्टेज्ड फोटोग्राफी म्हणजे माणूस, कपडे, वस्तू, उजेड सगळं ठरवून दृश्य उभं करायचं आणि मग बटण दाबायचं. हा प्रकार जवळजवळ फोटोग्राफीइतकाच जुना आहे. फ्रान्समधल्या इपोलित बायार या माणसाने कागदावर थेट फोटो उमटवायची स्वतःची पद्धत शोधली होती. पण श्रेय आणि सरकारी पेन्शन दाग्येरला मिळाली. तेव्हा १८४० साली बायारने उघड्या अंगाने, डोळे मिटून स्वतःचा फोटो काढला आणि सोबत लिहिलं की हे बुडून मेलेल्या बायारचं प्रेत आहे. फोटो धादांत खोटा, पण तक्रार शंभर टक्के खरी. ज्याला डावललं, त्यानेच हे हत्यार पहिल्यांदा उपसलं.

आणि ज्याला हे लोक "खरं टिपणं" म्हणतात, ते तरी काय होतं? इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले. माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवायचं, उभं करायचं, आणि बहुतेकांच्या फोटोखाली नावाऐवजी जात-जमात छापायची. तीही मांडणीच होती, फक्त मांडणारा साहेब होता म्हणून तिला शास्त्र म्हटलं गेलं. राजा रविवर्म्याने सरस्वती कुठे पाहिली होती? फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये १९१३ साली तारामती झाले ते अण्णा साळुंके नावाचे पुरुष. त्याला कोणी खोटं म्हणत नाही. आजीने पेपर धरला की मात्र सत्याला धोका!

हातोडा दाखवूच नये असं आमचं म्हणणं नाही. गॉर्डन पार्क्स या काळ्या फोटोग्राफरने १९४२ साली वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत सफाई करणाऱ्या एला वॉटसन यांना अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला मॉप. तोही ठरवून काढलेला फोटो. ग्रँट वुडच्या गाजलेल्या चित्रातल्या शेतकऱ्याची ऐट त्याने सफाई कामगार बाईला दिली. पण पार्क्स तिथे थांबला नाही. तो त्यांच्या घरी गेला, नातवंडांसोबत, चर्चमध्ये त्यांचे फोटो काढत राहिला. मास्तरांना झाडू हवा आहे, बाकीची बाई नको आहे.

खरं सांगायचं तर आम्हीही ते फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणालो होतो, हातोडा असता तर मोर्चाच्या पोस्टरला चालला असता. त्यावर मुलगी काही बोलली नाही. चळवळीत राहून आपल्यालाही आपल्या म्हाताऱ्या फक्त दुःखातच बघायची सवय लागली आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना लुगडं नेसायची पद्धत बदलायला आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकायला सांगितलं, ते उगाच नव्हतं. आपण कसं दिसायचं हे आपण ठरवायचं, हा त्यातला मुद्दा होता. आपल्या घराघरातला सुटाबुटातला बाबासाहेबांचा फोटो कोणाला खुपतो, हे वेगळं सांगायला नको.

आता प्रेरणेचं. प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या कामामागची वैयक्तिक प्रेरणा पानभर लिहून द्यायची होती. कोणी पाऊस लिहिला, कोणी एकटेपणा. कोणी सिंडी शर्मनचं नाव लिहिलं, जिने १९७७ ते १९८० या काळात स्वतःलाच सिनेमातल्या काल्पनिक बायांच्या रूपात उभं करून फोटो काढले. त्या विद्यार्थ्याचं कौतुक झालं. आमच्या मुलीने लिहिलं, "रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोडून आजीचा एकही फोटो घरात नव्हता." त्यावर शेरा आला, हे वैयक्तिक नाही, सामाजिक आहे.

म्हणजे त्यांच्या आजीच्या आठवणी वैयक्तिक, आमची आजी सामाजिक समस्या! त्यांचा पाऊस आतून येतो, आमचं मात्र सगळं बाहेरून. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही पिएर बोर्द्यू वाचला, त्याने अभिरुचीला वर्ग असतो हे दाखवून दिलं. इथे तिला जातही असते, हे कळायला एम.ए. लागत नाही.

आजीला वाचता येत नाही, ही त्या फोटोतली चूक कशी? तोच तर फोटोचा विषय आहे. जे मिळायला हवं होतं ते घेऊन ती बसली आहे. पेपर तिने स्वतः मागून घेतला, तेव्हा त्या फोटोची निम्मी दिग्दर्शक तीच आहे.

त्या बारा फोटोंच्या मोठ्या प्रिंट काढून १४ एप्रिलला विहारात लावाव्यात, असा विषय आम्ही जयंती समितीत मांडला. खर्च डीजेच्या तासाभराच्या भाड्याएवढाही नाही. दोघांनी हात वर केले. एकाने विचारलं, "म्हातारीचे फोटो बघायला कोण येणार?" बाकीचे डीजेचं कोटेशन वाचत होते. पुढची बैठक रविवारी आहे. आजी येणार आहे, चष्मा घेऊन.