संकेतस्थळाचें अनुबंधचतुष्टय

ज्यांचे मुलगे, पुतणे अथवा जावई महाड औद्योगिक वसाहतींत लहानमोठे उद्योग चालवितात, अशा कुटुंबांकडून अलीकडे एकच प्रश्न वारंवार येतो : “कारखान्याची वेबसाइट करावयाची आहे, ती चांगली झाली कीं वाईट, हें आम्हीं कसें ओळखावें?” प्रश्न नवा असला तरी त्याचें उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको.

आपले शास्त्रकार ग्रंथारंभींच चार गोष्टी सांगून टाकीत : विषय कोणता, अधिकारी कोण, प्रयोजन काय आणि संबंध कोणता. यांसच अनुबंधचतुष्टय म्हणतात. हेतु हा कीं, ग्रंथ आपल्या कामाचा आहे कीं नाहीं हें वाचणारास प्रथमच कळावें. व्यापारी संकेतस्थळाच्या पहिल्या पानाचें कर्तव्य याहून निराळें नाहीं. ‘संबंध’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थ थोडा वेगळा आहे. येथें मात्र ग्राहक व कारखानदार यांस जोडणारा दुवा, एवढाच अर्थ घ्यावा.

प्रथम विषय. पुष्कळ संकेतस्थळांवर प्रारंभीं परदेशी माणसांचीं हसरीं चित्रें असतात व ‘गुणवत्ता हेंच आमचें ध्येय’ असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें. हा गृहस्थ रंगद्रव्यें बनवितो कीं पुठ्ठ्याचीं खोकीं, हें मात्र तीन पानें उलटल्याशिवाय समजत नाहीं ! महाडची वसाहत मुख्यत्वें रसायनांची. रसायनाचा जाणता खरेदीदार अनेकदां पदार्थाच्या नांवापेक्षां त्याच्या ‘कॅस’ क्रमांकावरून शोध घेतो. कारण एका पदार्थाचीं नांवें अनेक, क्रमांक मात्र एक. म्हणून पदार्थाचें नांव, कॅस क्रमांक, शुद्धता व बांधणी यांचें साधें कोष्टक पहिल्या पानावरून एका दुव्यावर मिळावें, आणि त्याजवळच सोळा विभागांची ‘सेफ्टी डेटा शीट’ उतरवून घेतां यावी. हें कोष्टक अक्षरांतच हवें. छापील पत्रकाचा फोटो चिकटविल्यास शोधयंत्रास त्यांतील मजकूर नीट सांपडेलच असा भरंवसा नाहीं, आणि अंध वाचकास मजकूर वाचून दाखविणारा संगणक तेथें मुका होतो. मराठी मजकूर युनिकोड अक्षरांत असावा. जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांत टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर निरर्थक चिन्हांच्या रूपानें उमटतो.

दुसरा अधिकारी, म्हणजे पान उघडणारा मनुष्य. तो एकच नव्हे. परदेशांतला खरेदीदार येतो, तसाच माल भरावयास निघालेला ट्रकचालकही येतो. नोकरी शोधणारा पोलादपूरकडील तरुण येतो, आणि कारखान्याच्या सांडपाण्याविषयीं विचारूं इच्छिणारा शेजारच्या गांवचा शेतकरीही येतो. पहिल्यास इंग्रजी पान पुरेल; बाकीच्यांसाठीं निदान एक पान शुद्ध व सोप्या मराठींत अवश्य असावें. यांतील बहुतेकांच्या हातीं मोबाईल असतो, आणि घाटांतील वळणावळणांवर त्याची ‘रेंज’ येते नि जाते. म्हणून भारी चित्रें व आपोआप वाजणारे चलच्चित्रपट वर्ज्य करावे. फिकट करड्या पार्श्वभूमीवर त्याहून किंचित् गडद अक्षरें घालण्याची फॅशनही सोडावी. जागतिक नियमावलींत सामान्य आकाराच्या अक्षरांसाठीं किमान ४.५ : १ एवढा वर्णभेद सांगितला आहे, साठीच्या डोळ्यांस त्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

तिसरें प्रयोजन. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत केलेलें व १९९१ सालीं जगास खुलें झालेलें पहिलें संकेतस्थळ केवळ अक्षरें आणि दुवे यांचें होतें. त्याचें काम त्यावांचून अडलें नाहीं. येणारा कांहीं काम मनांत धरून येतो, तें थोडक्या पावलांत व्हावें. दुव्यांचीं नांवें ‘उत्पादनें’, ‘चौकशी’, ‘नोकरी’, ‘पत्ता’ अशीं रोखठोक असावीं. शितावरून भाताची परीक्षा होते. त्याच न्यायानें एक तुटलेला दुवा किंवा तीन वर्षांपूर्वींच्या दिवाळीच्या शुभेच्छा पाहून परका मनुष्य सगळ्या कारखान्याची परीक्षा करतो.

चौथा संबंध, आणि येथेंच अधिक सावध राहावें. आपल्या जिल्ह्याचें नांव १९८१ पर्यंत कुलाबा होतें. पुढें तें रायगड झालें. छत्तीसगडांत रायगढ नांवाचें दुसरें उद्योगनगर आहे, आणि रोमन लिपींत दोहोंच्या स्पेलिंगांचा घोटाळा सहज होतो. म्हणून पत्त्यांत महाड, महाराष्ट्र आणि पिनकोड हीं तिन्ही असावींत. मुंबई-गोवा महामार्गावरून कोठें वळावें तेंही सांगावें, व नकाशाचा दुवा द्यावा. उद्योग कंपनी म्हणून नोंदलेला असल्यास २०१४ च्या नियमांप्रमाणें तिचें नांव, नोंदणीकृत पत्ता, ओळख क्रमांक, दूरध्वनी, ई-मेल व चौकशीसाठीं नेमलेल्या व्यक्तीचें नांव पहिल्या पानावर देणें बंधनकारकच आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न मालकीचा. संकेतस्थळाचें नांव, म्हणजे डोमेन, कायमचें विकत मिळत नाहीं. तें मुदतीनें नोंदवावें लागतें व वेळेवर नूतन करावें लागतें. आमच्या परिचयाच्या एका लहान कारखानदाराचें डोमेन वेबसाइट करून देणारानें स्वतःच्याच नांवावर घेतलें होतें. त्यानें पुढें तो धंदा सोडला आणि मुदत टळली. बिलांवर व पिंपांवर छापलेलें नांव एका दिवसांत निरुपयोगी झालें. त्याच नांवावर चालणारी ई-मेल बंद पडली, आणि जुन्या गिऱ्हाइकांचीं पत्रें परत जाऊं लागलीं. वडिलांनीं वीस वर्षें जपलेली ओळख अशी गेली. डोमेन मालकाच्याच नांवें असावें, आणि त्याचा पासवर्ड घरांतील दोन विश्वासू माणसांस ठाऊक असावा.

२०२१ च्या जुलै महिन्यांत पुरानें महाड शहर बुडालें, तो प्रसंग कोणी विसरलें नसेल. अशा वेळीं कचेरींतील कागद भिजतात, दूरध्वनी बंद पडतो. परंतु दूरच्या यंत्रावर ठेवलेलें संकेतस्थळ उभें असतें. “माणसें सुखरूप आहेत, माल अमुक तारखेपासून निघेल,” एवढी एक ओळ तेथें घातली तर परगांवच्या ग्राहकाचा जीव भांड्यांत पडतो व तो दुसरीकडे वळत नाहीं. ती ओळ घालण्याची किल्ली मात्र आपल्या हातीं हवी.

शेवटीं एक घरगुती परीक्षा. संकेतस्थळ तयार झालें म्हणजे तें प्रथम घरांतील आजींच्या व शाळकरी नातवाच्या हातीं मोबाईलवर द्यावें, आणि आपण गप्प बसून पाहावें. काय बनतें, कोठें बनतें आणि फोन कोणास करावयाचा, हीं तीन उत्तरें त्यांस न विचारतां सांपडलीं तर करणाराचे पैसे आनंदानें चुकते करावे. न सांपडलीं, तर आधीं पान सुधारून घ्यावें.