ल्योंची राख आणि पुनरुत्थानाची आशा

१/ इसवी सन १७७. रोमन साम्राज्यातील गॉल प्रांताचे लुग्दुनुम, म्हणजे आजच्या फ्रान्समधील ल्यों शहर. ख्रिस्ती म्हणून ठार केलेल्यांची प्रेते सहा दिवस उघड्यावर पडून होती आणि त्यांवर रात्रंदिवस सैनिकांचा पहारा होता. सोबत्यांनी विनवण्या केल्या, पैसे देऊ केले. पुरायला एकही देह मिळाला नाही. अखेर प्रेते जाळून राख ऱ्होन नदीत लोटण्यात आली. मेलेल्या माणसांची एवढी धास्ती कशासाठी?

२/ उत्तर त्या समाजाने आशिया आणि फ्रिगिया येथील बांधवांना धाडलेल्या पत्रात आहे. युसेबियसने ते चौथ्या शतकात आपल्या चर्चच्या इतिहासात जतन केले. पत्र सांगते की मारेकऱ्यांना या लोकांची पुन्हा उठण्याची आशाच बुडवायची होती, कारण त्या आशेच्या बळावर ते छळाला भीक घालत नसत. मारेकऱ्यांच्या तोंडचे हे शब्द ख्रिस्ती लेखणीतून आलेले आहेत, याचे भान अभ्यासकाने ठेवायलाच हवे. तरीही त्यात एक मर्म आहे. आजचे पुष्कळ वाचक ज्या श्रद्धेला ‘आत्मा अमर असतो’ एवढ्यावर उरकून मोकळे होतात, ती देहाविषयीची श्रद्धा होती.

३/ मराठी वाचकाची येथे हमखास गफलत होते. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. त्यात नवे शरीर, नवे नाव, नवी योनी नाही. जी व्यक्ती मेली तीच, देहासह, देवाच्या सामर्थ्याने उठते. (फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली गोव्यात छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ येशूच्या उठण्याची कथा मराठी ओवीत सांगते, तीही पुनर्जन्म गृहीत धरणाऱ्या भूमीत. ते धाडस भाषेइतकेच विचाराचेही होते.) ग्रीक विद्वानांनाही ही कल्पना ओंगळ वाटे. देहाच्या तुरुंगातून सुटका होणे त्यांना समजत होते. त्याच तुरुंगात परतण्याची हौस कोणाला असावी? पौलाने अथेन्समध्ये हा विषय काढला तेव्हा काहींनी त्याची टवाळी केली, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगते.

४/ मग ही आशा आली कोठून? तत्त्वचर्चेतून नव्हे, छळातून. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अँटिओकस चौथा या राजाने यहुद्यांच्या धर्माचरणावर बंदी घातली. नियम पाळणारेच मारले जाऊ लागले. देव न्यायी असेल, तर या मृतांचा हिशेब कोठे होणार? दानीएलाच्या पुस्तकाचा शेवट आणि मक्काबींचे दुसरे पुस्तक या प्रश्नाशीच झुंजतात. मक्काबींच्या कथेत सात भाऊ आईच्या देखत मारले जातात. त्यांतला एक आपले हात पुढे करतो आणि हे हात देवाकडून परत मिळतील असे सांगतो. हात, जीभ, कातडी: जे हिरावले गेले, तेच परत हवे. सर्व यहुद्यांना हे मान्य नव्हते. मंदिराशी जवळीक असलेल्या उच्चभ्रू सदूकींनी पुनरुत्थान नाकारले. ज्यांचे या जगात बरे चालले होते, त्यांना त्याची फारशी निकड भासली नसावी.

५/ पौलाने सुमारे ५५ साली करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हीच आशा येशूशी बांधली. येशूचे उठणे ही त्याच्या लेखी एकट्याची अद्भुतकथा नव्हती. ते हंगामाचे पहिले फळ होते, उरलेले पीक मागून यायचे होते. आणि ख्रिस्त उठलाच नसेल तर सारी श्रद्धा व्यर्थ, हेही त्याने स्वच्छ लिहिले. ‘हे केवळ रूपक आहे’ म्हणणाऱ्या आधुनिक भाष्यकारांना पौल आपला माणूस वाटू नये.

६/ आता पुन्हा ल्योंकडे. त्या मृतांत नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनुस होते आणि ब्लांडिना नावाची गुलाम स्त्री होती. रोमन कायद्यात गुलामाचा देह मालकाची मालमत्ता. त्या देहाला फटके मारणे, तो विकणे, वापरणे, सारे रीतसर. ब्लांडिनाची मालकीणही त्याच श्रद्धेसाठी पकडली गेली होती. पण पत्राची नायिका ब्लांडिनाच आहे. जिचा देह हयातीत तिचा नव्हता, तिला तोच देह सन्मानाने परत मिळेल, असे तिचे सोबती मानत होते. या श्रद्धेचा इतिहासातला खरा भार येथे आहे. रिकाम्या थडग्याच्या पुराव्यांवर वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर येणारे दोन्ही पक्ष नेमके हेच विसरतात.

७/ पुढच्या सुखाच्या आशेने माणूस आजचा अन्याय सोसतो, हा आक्षेप पोकळ नाही. गुलामगिरी या श्रद्धेने मोडली नाही. सत्ता हाती आल्यावर चर्चने अंतिम न्यायाचा धाकही भरपूर वापरला. पण १७७ साली आशा आणि सत्ता एकाच घरात नांदत नव्हत्या.

८/ राहिला राखेचा प्रश्न. जाळलेला देह उठणार कसा? ४१० साली रोम लुटले गेले, अनेक मृतांना मूठमाती मिळाली नाही. तेव्हा ऑगस्टीनने लिहिले की पुरले न गेल्याने श्रद्धावंतांचे काही बुडत नाही. तरी दफनाची ओढ टिकली. कॅथलिक चर्चने दहनाला मुभा दिली ती थेट १९६३ मध्ये; आणि २०१६ च्या सूचनेत राख जपून पवित्र स्थळी ठेवण्यास सांगितले, पाण्यात वा वाऱ्यावर सोडण्यास मनाई केली.