एका नावाच्या दोन ओळी

कोष्टक म्हटले की पाठांतर आठवते. चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी! 1958 पासून दशमान मापे आली आणि ती घोकंपट्टी हळूहळू मागे पडली. परंतु कोष्टकावाचून आपला संसार एक दिवस चालत नाही. पंचांग पाहा, आगगाडीचे वेळापत्रक पाहा, सात-बाराचा उतारा पाहा. उभी घरे, आडव्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत कोणाचे तरी काहीतरी अडकलेले.

यंदा सुटीत भंडारा जिल्ह्यातल्या करडीला, बहिणीकडे गेलो होतो. मोहाडी तालुक्यातले हे गाव, आणि मुलूख सारा धानाचा. भाची काही शेतकऱ्यांच्या धानविक्रीचा हिशेब ठेवते, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे 'पॉवर बीआय' नावाचे सॉफ्टवेअर नुकतेच शिकू लागली आहे. मराठीच्या मास्तराला त्यातले काय कळणार, असा भाव बहिणीच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. तरी मी खुर्ची ओढून बसलो.

काम दिसायला अगदी सोपे. एक्सेलमधली यादी आत घ्यायची, उजवीकडच्या चित्रांतून कोष्टकाचे चित्र दाबायचे, की पडद्यावर रिकामी चौकट उमटते. मग यादीतल्या हव्या त्या रकान्यांपुढे खूण करायची. भाचीने 'शेतकरी' आणि 'क्विंटल' या दोन रकान्यांवर खूण केली, आणि कोष्टक तयार! खाली एकूण बेरीजसुद्धा आपोआप.

"मामा, पाहा ना, किती लवकर झालं!"

मी नावे वाचू लागलो. (आमच्या धंद्यात हजेरी घेण्याची सवय जडते.) मूळ यादीत एकाच नावाचे दोन शेतकरी होते. एकाचे 32 क्विंटल, दुसऱ्याचे 18. कोष्टकात मात्र ओळ एकच, आणि तिच्यापुढे 50. यंत्राने दोघांचा एक माणूस करून टाकला होता! एकूण बेरीज बिनचूक होती, हीच त्यातली खरी मेख. बेरीज जुळली की हिशेबनीस निर्धास्त होतो. इकडे 18 क्विंटलवाल्याचे नावच कागदावरून उडालेले. त्याने पैसे कोणाकडे मागायचे?

भाचीने चटकन 'नोंदणी क्रमांक' हा रकाना जोडला. तर यंत्राने दोघांच्या क्रमांकांचीही बेरीज करून दाखवली! आकडा दिसला की मिळवायचा, एवढेच त्याला ठाऊक. त्यावर उपाय आहे. त्या रकान्याच्या नावाजवळचा छोटा बाण दाबून 'डोन्ट समराइझ', म्हणजे बेरीज करू नकोस, असे सांगायचे. तसे सांगताच एका नावाच्या दोन ओळी झाल्या, 32 आणि 18. वर्ष, पिनकोड, खातेक्रमांक हे सारे दिसायला आकडे, पण खरे पाहता नावेच. नवशिक्याने एवढे आधी पाहावे. रंग आणि अक्षरांची सजावट मागून.

आता तिला चटक लागली. सरावासाठी तिने जनगणनेचे कोष्टक मांडले. जिल्हा भंडारा: 1991 साली लोकसंख्या सुमारे 21 लाख, 2001 साली सुमारे 11 लाख 36 हजार, 2011 साली सुमारे 12 लाख. परक्या माणसाने हे वाचले तर त्याला वाटावे, येथे दहा वर्षांत काय अनर्थ कोसळला! अनर्थ वगैरे काही नाही. 1999 च्या 1 मे रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. नाव तेच राहिले, जिल्हा अर्धा उरला.

"म्हणजे हेही त्या दोन शेतकऱ्यांसारखंच," भाची म्हणाली. एका नावाखाली दोन निरनिराळे जिल्हे.

पण येथे बाण दाबून भागण्यासारखे नव्हते. ही गोष्ट यंत्राच्या पोटात नव्हतीच. ती ठाऊक असणाऱ्या माणसाने लिहायला हवी होती. तिने मूळ यादीत 'हद्द' नावाचा नवा रकाना घातला. 1991 पुढे लिहिले 'गोंदियासह' आणि पुढच्या दोन्ही सालांपुढे 'गोंदियाशिवाय'.