हरवलेली किल्ली

स्कूटरची किल्ली हरवली, म्हणजे घरांत प्रथम रागावणें होतें. शोध मागाहून सुरू होतो. आमच्या मतें हा क्रम चुकीचा आहे.

गेल्या पावसाळ्यांत वाशी स्टेशनाबाहेर मीं स्वतः तासभर चिखल चाचपिला. घरून दुसरी किल्ली आणविली, तेव्हां पहिली आसनाखालच्या डिकींत सुखरूप आढळली! पण दुसरी नसती तर? नव्या गाडीबरोबर साधारणतः दोन किल्ल्या मिळतात. पुष्कळदां किल्लीच्या क्रमांकाची बारीक पट्टीहि असते, व तिजवरून विक्रेता नवी किल्ली मागवूं शकतो. ती पट्टी त्याच जुडग्यांत अडकविणें हा निव्वळ वेडेपणा होय. ती घरीं कपाटांत असावी.

किल्ली परक्या हातीं पडल्याचा संशय असल्यास नाक्यावरच्या किल्लीवाल्याकडून नवी करून भागत नाहीं. कुलूपच बदलावें लागतें. शिवाय पुढें गाडी चोरीस गेली, तर विमा कंपनी मूळच्या दोन्ही किल्ल्या मागते. एक आधींच हरवलेली व पोलिसांत तशी नोंद नाहीं, असें असल्यास भरपाई अडून बसण्याचा संभव असतो.

यास्तव हरविणाऱ्यानें त्याच दिवशीं सांगितलें पाहिजे. आणि डिकींतली पिशवी आणावयास पाठविलेलें मूल तर चापटीच्या भयानें गप्प बसतें. याचा दोष आम्ही पालकांस देतों. लूकच्या शुभवर्तमानांतील बाईचें नाणें हरवलें, तेव्हां तिनें दिवा लावून घर झाडलें. कोणास बोल लाविल्याचें तेथें लिहिलेलें नाहीं. विद्यार्थ्यांनींहि उशीर करूं नये. आठ दिवसांनीं कळल्यावर किल्ली कोठें व केव्हां गेली, हें पोलीस चौकींत लिहून देणें बापास कठीण जातें.