पेडर रोडचे डॉक्टर आणि आपल्या आत्याची सही

मंडळी, मुंबईतल्या पेडर रोडचं खरं नाव माहीत आहे का? डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघा, तो तुमच्याच तोंडाकडे बघत बसेल. रत्नागिरीतल्या घराघरातला चाकरमानी त्या रस्त्याने गेलेला असेल, पण हे देशमुख कोण, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. म्हणून ही पोस्ट.

गोपाळ विनायक देशमुख हे मुंबईतले नावाजलेले सर्जन, एफआरसीएस झालेले. १९२८ साली कलकत्त्याला ज्या वैद्यक परिषदेत इंडियन मेडिकल असोसिएशन काढायचं ठरलं, तिचे अध्यक्ष तेच होते. मुंबई महापालिकेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. १९३४ साली ते काँग्रेसतर्फे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. आता डॉक्टर माणूस दिल्लीत जाऊन काय मागणार? दवाखाने, औषधं. यांनी मागितला हिंदू बायकांना इस्टेटीत वाटा.

त्याआधी काय होतं, ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एकत्र कुटुंबात नवरा वारला की त्याचा हिस्सा दीर-पुतण्यांकडे जायचा. बाईला फक्त पोटगी, म्हणजे दोन वेळचं जेवण आणि माजघराचा कोपरा. तेही घरच्यांची मर्जी असेल तोवर.

देशमुखांच्या खटपटीने १९३७ चा हिंदू स्त्रियांचा संपत्तीविषयक हक्कांचा कायदा झाला. लोक त्याला देशमुख कायदाच म्हणत. नवऱ्याच्या इस्टेटीत विधवेला वाटा मिळाला आणि वाटणी मागायचा हक्कही मिळाला. पण वाटा हयातीपुरताच. खा, राहा, मनाला येईल तसं विकायचं नाही आणि मृत्युपत्रही करायचं नाही. मूळ विधेयकात मुलींचाही वाटा होता, तो चर्चेत कापला गेला. पुढे १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की प्रांतांतल्या शेतजमिनीला हा कायदा लागूच नाही. म्हणजे गावाकडच्या बाईच्या हातात पुन्हा काही नाही. त्यासाठी प्रांतांना वेगळे कायदे करावे लागले.

डॉक्टर थांबले नाहीत. १९३८ मध्ये त्यांनी घटस्फोटाच्या हक्काचं विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. १९४६ मध्ये दुसरा कायदा झाला. नवऱ्याने दुसरी बायको केली, छळ केला, टाकून दिलं, तर बाईला वेगळं राहून पोटगी मागता येऊ लागली.

या कामात आपला जिल्हाही आहे बरं का. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं. मंडणगडातलं आंबडवे ज्यांचं मूळ गाव, त्या बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्यामागे रखडलेलं हिंदू कोड बिल हे मोठं कारण होतं. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेचा हयातीपुरता वाटा पूर्ण मालकीचा झाला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला आला.

आणि आपण काय करतो? मे महिन्यात बहीण माहेरी येते. आंबे खाऊन होतात. मग एका सकाळी भाऊ म्हणतो, "चल जरा, एक सही करायची आहे." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र होतं आणि सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव जातं. आमच्या घरातही हेच झालंय. आत्याने सही केली तेव्हा तिला कागद कोणी वाचून दाखवला नाही. मीही तिथे होतो, मीही गप्प बसलो. संध्याकाळी तिला साडी दिली.

भावांची बाजू मला कळते. म्हाताऱ्या आईबापाचं त्याने केलं, कलमांना खत त्याने घातलं, जमीन आधीच गुंठ्यांत आली आहे. हे सगळं खरं. पण मग ते तिच्यासमोर बोला, हिशेब मांडा. तिने समजून-उमजून सोडलं तर तो तिचा मोठेपणा. न सांगता सही घेतली तर ती फसवणूक, मग नातं कितीही गोड असो. बहुतेक बहिणी सही करतात त्या माहेर तुटेल या भीतीने. ही भीती कायद्याने जात नाही, ती भावानेच घालवायची असते.

म्हणून एवढंच सांगणं: यंदा सहीचा कागद घरात आला तर आधी तो मोठ्याने वाचा. सगळ्यांसमोर, मराठीत, प्रत्येक गट नंबरासकट. बहिणीला विचार करायला एक गणपती जाऊ द्या. आणि ती "नको" म्हणाली, तरी पुढच्या मे महिन्यात तिला आंबे खायला बोलवा.

पटलं तर घरच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहे.